मुलँ रूजचं पोस्टर काढणारा चित्रकार आणि हाडं घट्ट करणाऱ्या औषधांचा धोका

पुण्या-मुंबईतल्या जुन्या धाटणीच्या कॅफेत एक पोस्टर हमखास टांगलेलं असतं. मधोमध एक बाई पाय उडवून नाचतेय, तिचा पांढरा घागरा फुललाय. मागे टोप्या घातलेल्या बघ्यांची नुसती काळी सावली. पुढे एका उंच, हडकुळ्या, लांब नाकाच्या पुरुषाची करडी आकृती. आणि वर तीनदा लिहिलेलं, मुलँ रूज.

हे पोस्टर १८९१ चं. त्यातला हडकुळा माणूस म्हणजे व्हॅलेंटिन नावाचा नर्तक. त्याचं अंग इतकं लवचिक होतं की सगळं पॅरिस त्याला हाडं नसलेला व्हॅलेंटिन म्हणायचं.

गंमत अशी की ज्याने हे चित्र काढलं, त्याच्या बाबतीत सगळा प्रश्न हाडांचाच होता. त्याचं नाव आंरी द तुलूझ-लोत्रेक. उंची साधारण १५२ सेंटीमीटर, धड पूर्ण वाढलेल्या पुरुषाचं आणि पाय मात्र लहान मुलासारखे आखूड. तो जाऊन आता सव्वाशे वर्षं होतील. पण ठिसूळ हाडांच्या मुलांना आज जी औषधं दिली जातात, ती किती वर्षं द्यावीत, कधी थांबवावीत, जास्त झाली तर काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर लोत्रेकच्या आयुष्यापासून सुरुवात करणं सोपं जातं. कसं, ते बघू.

लोत्रेक जन्मला २४ नोव्हेंबर १८६४ ला, दक्षिण फ्रान्समधल्या आल्बी या गावात. घराणं सरदारांचं, जमीनजुमला भरपूर. वडील काउंट आल्फोन्स म्हणजे घोडे, कुत्रे आणि बहिरी ससाणे घेऊन शिकारीला जाणारा विक्षिप्त माणूस. आई आदेल शांत आणि देवभोळी. आंरीनंतर तीन वर्षांनी त्यांना आणखी एक मुलगा झाला, पण तो वर्षभरातच गेला. पुढे नवराबायको वेगळे राहायला लागले आणि आंरी आईच्या पदराखाली वाढला. घरात त्याला छोटा दागिना म्हणायचे.

आता या घराण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती लागणार आहे. आल्फोन्स आणि आदेल हे सख्खे मावस भाऊ-बहीण होते. दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. एवढ्यावर थांबलं नाही. आल्फोन्सची बहीण आदेलच्या भावाला दिली होती. म्हणजे आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात, अगदी तसं. जमीन घराबाहेर जाऊ नये हा हिशोब. या दुसऱ्या जोडप्याला चौदा मुलं झाली आणि त्यातल्या काहींची उंची खुंटली, हाडांचा त्रास निघाला.

आपल्याकडे मावस भावंडांचं लग्न लावत नाहीत, पण मामाची मुलगी करण्याची रीत विदर्भापासून कोल्हापूरपर्यंत कितीतरी घरांत आहे. जनुकांना मावस आणि मामे-आते हा फरक कळत नाही. दोन्हीकडे आजी-आजोबा एकच असतात. त्यांच्याकडे एखादं बिघडलेलं जनुक असेल तर ते दोन्ही बाजूंनी उतरून नातवंडात भेटण्याची शक्यता वाढते. एकच बिघडलेली प्रत असेल तर माणूस ठणठणीत असतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच असा आजार दिसतो. त्यामुळे आईवडील धडधाकट आणि मूल आजारी, हे कोडं घरच्यांना सुटत नाही आणि मग खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटतं. बहुतेक वेळा आईच्याच.

आंरी सुरुवातीला बरा वाटायचा. १८७२ मध्ये आई त्याला पॅरिसला शाळेत घेऊन गेली. अभ्यासात हुशार होता, वह्यांच्या कडांवर घोड्यांची चित्रं काढायचा. पण दोन-तीन वर्षांत तब्येत बिघडली आणि शाळा सुटली. त्यानंतर मालिश, औषधी झरे, हवापालट असं सगळं सुरू झालं. त्या काळातल्या श्रीमंत घरात जे जे करता येणं शक्य होतं, ते सगळं केलं गेलं.

१३ मे १८७८ ला, आल्बीच्या घरात, साडेतेरा वर्षांचा आंरी एका बुटक्या खुर्चीवरून उठताना घसरला. बस, एवढंच. घोड्यावरून पडला नव्हता की जिन्यावरून कोसळला नव्हता. डाव्या मांडीचं हाड मोडलं. शरीरातलं सगळ्यात दणकट हाड ते. निरोगी माणसाचं ते मोडायला गाडीची धडक लागते.

सव्वा वर्षाने, १८७९ च्या उन्हाळ्यात, पिरेनीज डोंगरातल्या बारेज या झऱ्यांच्या गावी आई त्याला उपचारासाठी घेऊन गेली होती. तिथे फिरताना तो एका खड्ड्यात पडला. खड्डाही फार खोल नव्हता. या वेळी उजवी मांडी मोडली.

दोन्ही हाडं जुळली, पण पाय वाढायचे थांबले. शिकारी बापाच्या घरात घोड्यावर न बसू शकणारा मुलगा. बापाचा रस तिथेच आटला असं त्याचे चरित्रकार सांगतात. अंथरुणात पडून पडून आंरीने चित्रं काढली. घरच्यांच्या ओळखीचे रने प्रँस्तो नावाचे एक चित्रकार होते, ऐकू-बोलू न शकणारे, घोड्यांच्या चित्रांसाठी नावाजलेले. त्यांनी त्याला हात धरून शिकवलं. १८८२ मध्ये तो पॅरिसला आधी लेओँ बोना आणि मग फेर्नां कॉर्मों यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. कॉर्मोंकडेच त्याची ओळख व्हॅन गॉगशी झाली. १८८७ मध्ये त्याने व्हॅन गॉगचं खडूने काढलेलं चित्र आजही बघायला मिळतं, समोर दारूचा ग्लास घेऊन बसलेला, बाजूने दिसणारा व्हॅन गॉग.

मग आला मोंमार्त्र. पॅरिसच्या टेकडीवरची ही वस्ती म्हणजे नाचघरं, दारूचे गुत्ते, सर्कस आणि वेश्यावस्ती. १८८९ मध्ये मुलँ रूज उघडलं आणि लोत्रेकला तिथे कायमची जागा मिळाली. सरदारांच्या दिवाणखान्यात ज्याच्याकडे लोक वळून बघायचे, तो इथे कुणाला विचित्र वाटत नव्हता, कारण इथे सगळेच जरा वेगळे होते. तो रोज संध्याकाळी यायचा, प्यायचा आणि काढत राहायचा. ला गुल्यू, जेन अव्हरील, इव्हेत गिल्बेर या नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायका आज आपल्याला माहीत आहेत त्या त्याच्यामुळे. १८९१ च्या त्या पोस्टरच्या सुमारे ३००० प्रती पॅरिसच्या भिंतींवर लागल्या आणि लोत्रेक एका रात्रीत गावभर झाला. जाहिरातीचं पोस्टर हीसुद्धा कला असू शकते हे तिथून पुढे लोकांना मानावं लागलं. वेश्यावस्तीतल्या बायकांची चित्रंही त्याने काढली, पण त्यात चवचालपणा नाही. केस विंचरणाऱ्या, कंटाळलेल्या, थकून झोपलेल्या बायका. मला विचाराल तर पोस्टरांपेक्षा ही चित्रं मोठी आहेत.

याच काळातली एक गोष्ट आपल्या विषयाला जवळची आहे. त्याचा मामेभाऊ गाब्रिएल डॉक्टरकी शिकायला पॅरिसला आला होता. हा त्या साटंलोट्याच्या घरातला मुलगा, पण चांगला उंच. लोत्रेक आणि गाब्रिएल रस्त्याने बरोबर चालले की लोक हसायचे. गाब्रिएल ज्यांच्या हाताखाली शिकत होता, ते झ्युल पेआँ म्हणजे तेव्हाचे बडे सर्जन, पार्टीला जावं तशा कपड्यांत गळ्याशी रुमाल बांधून ऑपरेशन करणारे. लोत्रेक तिथे जाऊन बसायचा आणि ऑपरेशन चालू असताना चित्रं काढायचा. १८९१ मध्ये त्याने पेआँ यांना घशाचं ऑपरेशन करताना रंगवलं. याच पेआँ यांनी १८९३ मध्ये खांद्याचा पहिला कृत्रिम सांधा बसवला, प्लॅटिनम आणि रबराचा. तो पुढे जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. म्हणजे हाडांच्या सर्जरीतल्या त्या काळच्या सगळ्यात धाडसी माणसाच्या शेजारी लोत्रेक बसत होता. पण त्याच्या स्वतःच्या हाडांना काय झालंय, याचं नावसुद्धा तेव्हा कुणाकडे नव्हतं.

शेवट वाईट झाला. दारू वाढत गेली. त्याच्या पोकळ काठीतसुद्धा दारू भरलेली असायची. भरीला सिफिलिस. १८९९ मध्ये घरच्यांनी त्याला नुईच्या एका मानसिक रुग्णालयात ठेवलं. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे डॉक्टरांना पटवायला त्याने तिथे बसून नुसत्या आठवणीतून सर्कशीची चित्रं काढली, घोडे, विदूषक, कसरतवाल्या मुली. पटलं त्यांना. सुटका झाली, पण दारू सुटली नाही. ९ सप्टेंबर १९०१ ला, आईच्या मालरोमे इथल्या वाड्यात तो गेला. वय ३६. त्याचं काम आईने आणि मोरिस झ्वायाँ या शाळेपासूनच्या मित्राने मिळून आल्बीला दिलं आणि १९२२ मध्ये तिथे त्याचं संग्रहालय उघडलं.

इथे चरित्र संपतं. हाडांची गोष्ट मात्र संपत नाही.

१९६२ मध्ये पॅरिसच्या मारोतो आणि लामी या दोन डॉक्टरांनी एका दुर्मिळ आजाराचं वर्णन केलं. नाव ठेवलं पिक्नोडायसोस्टोसिस. ग्रीक भाषेत पिक्नोस म्हणजे दाट. या मुलांची हाडं एक्स-रेवर नेहमीपेक्षा पांढरी, दाट दिसतात. उंची कमी राहते, हनुवटी मागे जाते, टाळू भरत नाही, बोटं आखूड असतात. आणि इतकी दाट हाडं असूनही ती किरकोळ कारणाने मोडतात. १९६५ मध्ये याच दोघांनी लिहिलं की लोत्रेकला हाच आजार असावा. जवळच्या नात्यातलं लग्न, आखूड पाय, खुर्चीवरून उठताना मोडलेली मांडी, सगळं जुळत होतं.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. लोत्रेकचं मोठं चरित्र लिहिणाऱ्या ज्युलिया फ्रे यांनी १९९५ मध्ये याला हरकत घेतली. कुणी म्हणतं त्याला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा असेल, म्हणजे ज्याला आपण ब्रिटल बोन डिसीज म्हणतो तो. जनुकीय तपासणी झालेली नसल्याने वाद मिटलेला नाही. पण आपल्या कामाचा मुद्दा या वादावर अवलंबून नाही. हाड दाट असूनही ठिसूळ असू शकतं, हाच तो मुद्दा.

असं कसं? यासाठी विदर्भातल्या कवेलूच्या घराकडे बघा. नाचणगाव-पुलगावकडे अशी जुनी घरं असलेल्यांना हे सांगायला नको. पावसाळ्याआधी घर शाकारावं लागतं. एक माणूस वर चढून तडकलेली कवेलू काढतो, दुसरा त्या जागी नवी बसवतो. हाडातही आयुष्यभर हेच चालतं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं, बारीक तडे गेलेलं हाड खाऊन काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तिथे नवं हाड भरतात. आता काढणारा माणूस आलाच नाही, तर? नवी कवेलू जुन्या तडकलेल्यांवरच चढत जातील. छप्पर जाड होईल, जड होईल, बाहेरून भरभक्कम दिसेल आणि पहिल्या वादळात खाली येईल. पिक्नोडायसोस्टोसिसमध्ये हेच होतं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या शास्त्रज्ञांनी कारण शोधलं. कॅथेप्सिन-के हे विकर बनवणारं जनुक बिघडलेलं असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड खायला ज्या हत्याराचा वापर करते, तेच हे विकर. पेशी आहे, कामावर हजर आहे, पण हातात विळा नाही.

ब्रिटल बोन डिसीजची अडचण वेगळी. तिथे कवेलूखालचं लाकूडच कच्चं असतं. हाडातल्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनात खोट असते. दर पंधरा-वीस हजार जन्मांत साधारण एक मूल असं असतं. बहुतेकांमध्ये हे नात्यातल्या लग्नामुळे होत नाही. एका पालकाकडून येतं किंवा मुलात नव्यानेच जनुक बदलतं. काही प्रकार मात्र नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. कच्च्या लाकडावर कवेलू सारखी तडकतात, म्हणून काढणारा माणूस सारखा वर चढलेला असतो आणि बसवणाऱ्याला त्याचा वेग गाठता येत नाही. मूल रांगताना, कपडे घालताना, कुणी हात ओढला तरी हाड मोडतं.

मग डॉक्टरांनी विचार केला, काढणाऱ्यालाच जरा आवरलं तर?

आवरण्याचं साधन एका अनपेक्षित ठिकाणाहून आलं. पाण्याच्या पाइपमध्ये क्षाराचा थर बसू नये म्हणून कारखाने काही फॉस्फरसयुक्त रसायनं वापरायचे. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की त्याच कुळातली बिसफॉस्फोनेट नावाची रसायनं हाडाला चिकटतात आणि ऑस्टिओक्लास्टचं काम मंदावतात. म्हातारपणी झिजलेल्या हाडांसाठी ही औषधं आली. १९९८ मध्ये मॉन्ट्रियलच्या श्राइनर्स रुग्णालयातले फ्रान्सिस ग्लोरियो यांनी गंभीर ब्रिटल बोन असलेल्या ३० मुलांना पामिड्रोनेट हे बिसफॉस्फोनेट सलाइनमधून दिल्याचे निकाल छापले. मणके भरले, हाडांचं दुखणं कमी झालं, वर्षाला सरासरी १.७ फ्रॅक्चर कमी झाली. काही मुलं व्हीलचेअर सोडून चालायला लागली. जगभरच्या आईवडिलांना वाटलं, सुटलो.

फायदा खरा होता आणि आहे, हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी परस्पर औषध बंद करू नये. त्यानंतर झालेल्या चाचण्यांत हाडाची घनता वाढते हे सगळीकडे दिसलं. फ्रॅक्चर किती कमी होतात याचं उत्तर मात्र तितकं एकसारखं आलं नाही. घनता आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पुन्हा दिसतं. औषध कवेलूची संख्या वाढवतं, खालचं लाकूड बदलत नाही.

घनतेवर भाळून वैद्यकाने आधीही मार खाल्ला आहे. १९७०-८० च्या दशकांत हाडं घट्ट करायला सोडियम फ्लोराइड देत असत, ब्रिटल बोनच्या काही मुलांनाही दिलं गेलं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा अभ्यास आला. चार वर्षांत मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती, पण मणके मोडायचं प्रमाण म्हणण्यासारखं कमी झालं नाही आणि हातापायांची फ्रॅक्चर उलट वाढली. आपल्याला हे नवीन वाटू नये. वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कितीतरी गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या फ्लोरोसिस झालेल्या माणसाचा एक्स-रे काढला तर हाड पांढरंशुभ्र, दाट दिसतं. माणूस मात्र कमरेत वाकलेला असतो.

आता बिसफॉस्फोनेटचे दीर्घकाळचे धोके. यातले काही आपल्याला लोत्रेककडे परत घेऊन जातात.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे डॉक्टर मायकेल व्हाइट यांनी एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. त्याला ब्रिटल बोन डिसीज नव्हता. हाडं दुखायची म्हणून त्याला पामिड्रोनेट दिलं गेलं, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. त्याची हाडं इतकी दाट झाली की जन्मजात दगडी हाडं घेऊन आलेल्या मुलांसारखी दिसायला लागली. आणि मोडायला लागली. काही वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही परिणाम पुरता गेलेला नव्हता. लोत्रेकचं शरीर निसर्गाने जसं घडवलं असावं, तसं या मुलाचं औषधाने घडलं.

त्याच वर्षी जबड्याच्या हाडाचा प्रश्न पुढे आला. कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्या काही रुग्णांचा दात काढला की जखम भरत नव्हती, हाड उघडं पडून मरत होतं. एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यात पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या मजुरांचे जबडे असेच सडायचे. पिक्नोडायसोस्टोसिसच्या रुग्णांनाही दात काढल्यावर जबड्याचा संसर्ग हा ठरलेला त्रास. ब्रिटल बोनच्या मुलांबद्दल इथे दिलासा आहे. त्यांच्यावरच्या अभ्यासांच्या आढाव्यांत जबड्याचा हा त्रास सापडलेला नाही. तरी दातांचं मोठं काम असेल तर ते औषध सुरू करण्याआधी उरकून घ्यायचं, ही पद्धत त्यातूनच आली.

दुसरा धोका मांडीचा. बरीच वर्षं औषध घेणाऱ्या काही वयस्क बायकांची मांडी चालता चालता आडवी मोडते, खडू मोडावा तशी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये याबद्दल इशारा दिला. हे दुर्मिळ आहे, औषधाने टळणाऱ्या फ्रॅक्चरच्या मानाने फारच दुर्मिळ. पण वर्षं वाढली की शक्यता वाढते आणि औषध थांबवलं की कमी होते. कित्येकदा आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखतं, आणि ते दुखणं कुणी मनावर घेत नाही. ब्रिटल बोनमध्ये हा हिशोब आणखी अवघड, कारण मांडी मुळात वाकलेली असते आणि औषध न घेतलेल्यांचीही अशी आडवी मोडते. दोष औषधाचा की आजाराचा, हे एका रुग्णापुरतं ठरवणं कठीण जातं.

तिसरी गोष्ट फक्त मुलांची. वाढत्या हाडात प्रत्येक डोसची एक पांढरी रेघ उमटते. चार-पाच वर्षं औषध घेतलेल्या मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे बघितला तर झेब्र्यासारखे पट्टे दिसतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे मोजता येतील असे. या रेघांनी त्रास होत नाही. पण औषध एकदम थांबवलं आणि मूल अजून वाढत असलं, तर नवं येणारं हाड पुन्हा कमकुवत येतं, आणि जुन्या घट्ट व नव्या कच्च्या हाडाच्या सांध्यावर ते मोडू शकतं. म्हणूनच औषध वाटेल तेव्हा बंद करता येत नाही. पहिल्या दोन-चार वर्षांत सगळ्यात जास्त फायदा मिळतो, त्यानंतर पुष्कळ डॉक्टर डोस कमी करून किंवा अंतर वाढवून वाढ पूर्ण होईपर्यंत ठेवतात.

आणि औषध थांबवलं म्हणजे ते शरीरातून गेलं असंही नाही. ते हाडात गाडलं जातं आणि हाड झिजेल तसं हळूहळू सुटत राहतं. औषध बंद करून आठ वर्षं झालेल्या मुलांच्या लघवीतसुद्धा पामिड्रोनेटचा अंश सापडला आहे. त्यामुळे आज पाच वर्षांच्या मुलीला दिलेल्या सलाइनचा विचार ती पंचविशीत आई व्हायचं ठरवेल तेव्हाही करावा लागतो. अशा बायकांच्या गरोदरपणाची माहिती आतापर्यंत तरी घाबरवणारी नाही, पण ती थोड्याच बायकांची आहे. १९९८ च्या त्या पहिल्या मुलांपैकी सगळ्यात लहान मूल आता तिशीत आहे. म्हणजे म्हातारपणी या हाडांचं काय होतं, हे बघायला अजून कुणी म्हातारं झालेलंच नाही.

जाता जाता लोत्रेकच्या जनुकाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. कॅथेप्सिन-के सापडल्यावर मर्क कंपनीने विचार केला, या विकराला अडवणारी गोळी काढली तर म्हातारपणची हाडझीज थांबेल. गोळीचं नाव ओडानाकॅटिब. १६ हजारांहून जास्त वयस्क बायकांवर चाचणी झाली. फ्रॅक्चर खरंच कमी झाली. पण मेंदूचा झटका येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि २०१६ मध्ये कंपनीने ही गोळी बाजारात येण्याआधीच गुंडाळली.

नाचणगावातल्या एखाद्या घरात असं मूल असेल तर पुलगावहून वर्धा गाठायचं, आणि तिथून सेवाग्राम किंवा सावंगी, दोन्हीकडे मेडिकल कॉलेज आहे. तिथे जाताना जुने सगळे एक्स-रे आणि आतापर्यंत किती डोस झाले, कोणत्या तारखेला, किती मिलिग्रॅम, हे एका वहीत लिहून न्या. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी ही वही बरोबर असू द्या. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, ती बहुतेकांना येते. रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आधी तपासून घ्यायला सांगा. छातीचा त्रास असलेलं तान्हं बाळ असेल तर पहिला डोस भरती करूनच. हाडात रॉड घालायचं ऑपरेशन ठरलं असेल तर पुढचं सलाइन कधी हे सर्जनला विचारा, कारण कापलेलं हाड जुळायला या औषधाने उशीर लागू शकतो. आणि औषध सुरू होतानाच विचारून ठेवा की ते थांबवायचं किंवा कमी करायचं कधी, आणि ते कशावरून ठरणार. नुसत्या घनतेच्या आकड्यावरून ठरणार असं उत्तर आलं, तर मणक्यांचा आकार, मुलाचं दुखणं, चालणं आणि वर्षातली फ्रॅक्चर यांचं काय, हेही विचारा.